शब्द नसलेलं पान

मुकुंद ढवळे सर. ज्यांचं माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे त्या माणसाचं नाव मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याशी थोडा वाद घालणार आहे आणि वाचणाऱ्याच्या मनात गैरसमज राहायला नको.

आदिलाबादच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा जिल्हा आंध्रात होता. वरून येणारी परिपत्रकं तेलुगूत असायची, जुने कारकून दरखास्त आणि तामील अशा निजामकाळच्या उर्दू शब्दांखेरीज बोलत नसत, आणि वर्गात आम्ही मराठीतून शिकवायचो. मी पैनगंगेकाठच्या गावचा. घरी कापूस आणि ज्वारी. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पण एक धास्ती काही केल्या गेली नाही. चार शिकलेल्या माणसांत आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि सगळ्यांना कळेल की हा इथला नाही, अशी ती धास्ती. म्हणून शिक्षकांच्या खोलीत कोणी काहीही म्हणालं की मी मान हलवायचो. दोन माणसं उलटसुलट बोलली तर दोघांकडे बघून हलवायचो.

ढवळे सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत. इतिहास-भूगोल शिकवत. उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशाला आतून प्लास्टिकचा तुकडा लावलेला, कारण पेन गळेल याची भीती. भीती हा शब्द त्यांच्याबाबतीत फार वापरावा लागतो. शाळेला निघताना कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून पाहत, आणि मग शाळेत पोचल्यावर मला विचारत, "रामदास, येताना माह्या घरावरून आलता ना? कुलूप होतं का?" बसने कुठे जायचं तर ते इतके लवकर स्टँडवर पोचत की आधीची बस मिळे, आणि ही आपली नव्हे म्हणून ती ते सोडून देत. फोनची घंटा वाजली की उभे राहत. त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, म्हणायच्या, "ह्याईले काळजी कराले काही नसलं ना, तं त्याचीच काळजी लागते."

या माणसाचं शाळेबाहेर दुसरं एक काम होतं, आणि ते कळायला मला काही महिने लागले. एका शनिवारी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा माझ्या हातात दिला. "वाचून सांग," एवढंच म्हणाले. मला वाटलं, भूगोलाचं काही असेल. घरी उघडून पाहतो तर कॉमिक्स. लोखंडी पंखांचा एक धिप्पाड माणूस कारखान्याच्या धुराड्यावरून झेप घेतोय. वर मोठ्या अक्षरांत 'लोहपंख', आणि आत, अगदी बारीक टायपात, 'मराठी अनुवाद : मु. ग. ढवळे'.

दिल्लीहून निघणारी ही हिंदी मालिका नागपूरचा एक प्रकाशक मराठीत आणत असे, आणि तिचे अनुवाद आमचे ढवळे सर आदिलाबादला बसून वर्षानुवर्षं करत होते. शाळेत कोणाला माहीत नव्हतं. हेडमास्तरांना कळलं तर काय म्हणतील, याची त्यांना काळजी.

सोमवारी मी गठ्ठा परत दिला. "चांगलं आहे, सर."

"चांगलं आहे म्हंजे? तुले आवडलं का?"

"लोकांना फार आवडतं, असं ऐकलंय."

"लोकाईले मी लोकाईच्या घरी जाऊन इचारीन. आता तुले इचारून राह्यलो."

मी घाबरलो. खरं सांगतो, परीक्षेत घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. कारण घरी मला नेहमी पास झालास का हे विचारलं गेलं होतं, आणि शाळा-कॉलेजात उत्तर काय ते. आवडलं का, हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. मी चाचरत म्हणालो, "शेवट नाही आवडला. तो खलनायक स्वतःच्याच सापळ्यात पडतो, ते."

"काऊन नाई आवडला?"

"दोन पानं आधी तो इतका हुशार होता. एकदम मूर्ख कसा होईल?"

सरांनी टेबलावर थाप मारली. "हे मी दिल्लीले लिहून पाठवतो!" मग लगेच आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "म्हंजे, पाठवीन कधी तरी. पाहू. रागावतीन ते."

त्यांनी ते पाठवलं नाही. पण त्या दिवसापासून मला एक सवय लागली, आणि माझ्याजवळ जे काही शिक्षण आहे त्यातलं सर्वांत मोठं मी तिलाच समजतो. एखादं पुस्तक, एखादं भाषण, एखादा मोठा माणूस समोर आला की मी आधी स्वतःला विचारतो, तुला आवडलं का? काऊन?

अनुवादाची त्यांची रीत वेगळी होती. पात्रांच्या तोंडून निघणारा जो पांढरा गोल, त्याला ते फुगा म्हणत. हिंदीतलं वाक्य फुग्यात बसलेलं असे. मराठीत ते लांबे. मग सर फुग्याच्या आकाराचा कागद कापून त्यात वाक्य लिहून पाहत. मावलं नाही की कागद चुरगाळून पुन्हा. त्यांच्या टेबलाखाली अशा फुग्यांचा ढीग साचलेला असायचा. पक्की प्रत ते शब्द पुसलेल्या चित्रांच्या छापावरच करत आणि तिच्या समासात सूचना लिहीत, कारण नागपूरला गुणवंत पेंटर नावाचे गृहस्थ ती अक्षरं हाताने चित्रांत काढत. 'गुणवंतराव, इथलं धडाम जरा तिरपं काढा.' 'गुणवंतराव, या बाईचा फुगा लहान आहे पण राग मोठा आहे, सांभाळून घ्या.' गुणवंतरावांची उत्तरं मुद्रितांच्या पाठीवर येत. 'राग मावला. तिचे केस थोडे झाकले गेले.' दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते.

पक्की प्रत करण्याआधी मात्र एक पायरी असे, ती रविवारची. दुपारी सरांच्या घरच्या पुढच्या खोलीत वाचन. कमलवहिनी, मी, गल्लीतली काही मुलं, आणि शेजारचा राजन्ना शिंपी. राजन्नाची भाषा तेलुगू, पण मराठी गल्लीत जन्म गेल्याने मराठी सगळी कळायची. सर सगळ्यांचे आवाज काढून वाचत. लोहपंख बोलू लागला की वाकलेली पाठ सरळ व्हायची, आणि ज्या माणसाला फोन उचलायची भीती, तो भरल्या खोलीत "थांबा, दुष्टांनो!" म्हणून गरजायचा. पण वाचताना त्यांची एक नजर राजन्नावर असे. पान उलटायला सर मुद्दाम थोडा उशीर लावत. राजन्ना पुढे सरकून विचारी, "तरवाता?" म्हणजे मग, पुढं काय? तो शब्द आला की सरांचा चेहरा उजळे. "तरवाता आलं. पास!"

एकदा मी म्हणालो, "सर, नुसत्या 'पुढं काय'वर पुस्तक जोखायचं?"

"नाई. पन त्याच्याबिगर जोखू नोको."

'राखेचं शहर' आलं ते अशा रविवारांच्या मधोमध.

लोहपंख मालिकेवर एक नवा लेखक आला होता आणि त्याने सलग बारा अंकांची एक कथा लिहिली होती. हिंदीत तिचा नुसता गाजावाजा. ज्यांनी आयुष्यात कॉमिक्सला हात लावला नव्हता असे लोक ती कथा थोर म्हणत होते. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत तिच्यावर लेख येत होते. नागपूरचे प्रकाशक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करून सरांना सांगितलं, "सर, हे आपल्या जन्माचं काम आहे." फोन ठेवल्यावर सर पाणी प्यायले.

कथा अशी. शत्रूशी लढताना लोहपंखाच्या स्वतःच्याच पंखांची ठिणगी पडून कामगारांची एक वस्ती जळते. त्यानंतर तो लढणं सोडतो. शहरातल्या एका उंच पाण्याच्या टाकीवर जाऊन बसतो आणि स्वतःला प्रश्न विचारतो. मी कोण? मला पंख का दिले? चित्रं करडी, फुगे लांबलचक. मला ती कथा विलक्षण वाटली. आपला नायक अपराधी असू शकतो, हे मी पहिल्यांदा वाचत होतो.

सरांना ती आवडली नाही.

"बसला," चौथ्या अंकाचं हस्तलिखित बाजूला ठेवत ते म्हणाले. "बसला त्या टाकीवर. उठूनच नाई राह्यला. पंख कशाले हायेत मंग?"

"सर, त्याला दुःख झालंय."

"दुःख झालं तं मानूस कामाले लागते, रामदास. टाकीवर नाई बसत."

"सगळेच लागतात का?"

"नाई लागत," त्यांनी कबूल केलं. मग थोडं थांबून, "पन जो नाई लागत त्याले लोकं थोर म्हनत नाईत. ह्याले म्हनून राह्यले."

आम्ही महिनोन्महिने भांडलो. शाळेच्या वाटेवर, चहाच्या टपरीवर, पेपर तपासताना. मी नोकरीत नवा, ते माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि मी त्यांना तोंडावर म्हणत होतो की तुम्हाला ही कथा कळलीच नाही. त्यांना याचा आनंद व्हायचा. "बोल, बोल. काऊन, ते सांग," म्हणायचे. पण त्याच वेळी त्यांच्या मनात काळजीही शिरली होती. एवढे मोठे मोठे लोक म्हणतात ते खोटं कसं असेल? आपलंच वय झालं असेल का? कमलवहिनी मला हळूच सांगायच्या, "जेवताना मंधातच थांबतात. म्हनतात, कमल, मीच तं ठोंब्या नाई ना?"

सातव्या अंकाच्या रविवारी राजन्ना काज करायचे कपडे सोबत घेऊन आला. यापूर्वी त्याने वाचनाला काम आणलं नव्हतं. सर टाकीवरचं स्वगत वाचत होते, पान उलटायला थांबले, राजन्नाकडे पाहिलं. राजन्नाने सुईत दोरा ओवला.

तेव्हा कमलवहिनी म्हणाल्या, "अहो, ते जळाले त्याईचं काय झालं?"

"कोनाचं?"

"त्या वस्तीतल्या लोकाईचं. मेले किती, जगले किती, कोठी गेले? हा आपलंच सांगून राह्यला."

सरांनी मागची पानं उलटली, मग पुढची. हिंदीतले उरलेले सगळे अंक त्यांच्याजवळ होते. ते पुढचे कित्येक दिवस ती वस्ती शोधत होते. एका चित्रात, कोपऱ्यात, एक बाई डोक्यावर ट्रंक घेऊन जाताना दिसते. तेवढंच. तिला नाव नाही, फुगा नाही.

शेवटच्या अंकात एक जोडपान आहे, दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र. पहाट. जळालेली वस्ती. वर आकाशात, अगदी लहान, लोहपंख. एकही शब्द नाही. या जोडपानाबद्दल सर्वांत जास्त लिहिलं गेलं होतं. मी ते पाहिलं तेव्हा मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. सरांना मी म्हणालो, "निदान हे तरी कबूल करा."

"चित्र चांगलं आहे," ते म्हणाले. "म्हनूनच राग येते."

बाराव्या अंकाचं पार्सल त्यांनी स्वतः नेऊन रजिस्टर केलं. एरवी पार्सल टाकलं की दुसऱ्या दिवशी ते पोस्टात जाऊन, गेलं का हो, असं विचारत. पोस्टमास्तर हात जोडत. या वेळी गेले नाहीत. वहिनींच्या ते लक्षात आलं. "ह्या खेपेले इचाराले गेले नाई," त्या म्हणाल्या. "मले बरं नाई दिसून राह्यलं."

छापील अंक आला. मी शाळेतच उघडला, थेट ते जोडपान. जळालेल्या वस्तीच्या खाली, राखेत, गुणवंतरावांच्या सुबक अक्षरांत एक वाक्य होतं :

इथे राहणाऱ्या माणसांचं काय झालं, ते या कथेत सांगितलेलं नाही.

मी पान मिटलं, पुन्हा उघडलं. वाक्य तिथेच होतं. सर समोरच्या वर्गात मुलांना नद्यांची नावं सांगत होते.

दोन आठवड्यांत बोभाटा झाला. वाचकांची पत्रं, दिल्लीहून तार. ज्या पानाच्या मौनाचं कौतुक झालं होतं त्याच्यावर मराठीत कोणीतरी टीप लिहिली! मालिका काढून घेऊ, असं दिल्लीने कळवलं. भैयाजींचा फोन आला तेव्हा मी सरांसोबत एसटीडी बूथवर होतो. ते पूर्ण वेळ उभे होते आणि "हो, हो" एवढंच म्हणत होते. भैयाजींची खात्री होती की सरांनी समासात काहीतरी शेरा लिहिला आणि गुणवंतने तो चुकून चित्रात काढला. हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. समासात लिहायची सरांची सवय सगळ्यांना माहीत होती, गुणवंतरावांचे डोळे अधू झाले होते, हेही माहीत होतं. हस्तलिखित तर अक्षरं काढून झाल्यावर रद्दीत जात असे.

त्याहून वाईट म्हणजे गुणवंतरावांचं कार्ड आलं. 'सर, माझ्या हातून मोठी चूक झाली. समासातली सूचना चित्रात गेली असावी. मला आठवत नाही, पण झालंच असेल. क्षमा असावी.'

सरांनी ते कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "असावी, म्हनते. त्याले आठवत नाई आन् कबूल करून बसला."

"सर, समासात होतं का?"

"नाई. मी चित्रातच लिहिलं होतं. चौकट आखून."

नागपूरला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. बसमध्ये ते खिडकीशी बसले. पैनगंगेच्या पुलावर म्हणाले, "भैयाजी चांगला मानूस आहे. एक चिठ्ठी मांगते फक्त. छपाईत चूक झाली म्हनून." पांढरकवड्याला बस थांबली, त्यांनी चहा घेतला नाही. हिंगणघाटला म्हणाले, "हे काम गेलं तं मी रविवारी काय करीन, रामदास?" मला आतून वाटत होतं, लिहून द्या सर. एका ओळीचं तर काम आहे. पेंटरने स्वतःच कबूल केलंय.

भैयाजींच्या कचेरीत कॉमिक्सचे गठ्ठे छताला लागले होते. भैयाजी खरंच चांगले होते. उठून सामोरे आले. बाकावर जाड भिंगांचा चष्मा लावलेला, बोटांना काळी शाई लागलेला एक माणूस होता. आम्ही आत आलो तसा तो उभा राहिला.

"ढवळे सर?" तो म्हणाला. "मी गुणवंत."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. इतकी वर्षं एकमेकांचं अक्षर ओळखत होते, चेहरा प्रथमच.

"राग माववता तुमी, लय चांगला," सर म्हणाले. गुणवंतराव हसले आणि परत बाकावर बसले.

भैयाजींनी कागद पुढे सरकवला. "सर, दोन ओळी. मजकूर समासातला होता, अक्षरलेखनात चूक झाली. दिल्लीवाले ऐकतील. पुढची मालिका तुमचीच. पेंटरजींचं आता वय झालंच आहे, त्यांच्याजागी मी दुसरा मुलगा पाहिलाय. त्यांचंही नुकसान व्हायचं नाही, त्यांचा मुलगा कमावता आहे."

गुणवंतराव खाली पाहत होते.

सरांनी पेन काढलं. टोपण काढलं. मग त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

"ते वाक्य मी लिहिलं," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की भैयाजींनी कान पुढे केला. सर उभे राहिले. "चित्रातच लिहिलं. चौकट आखून, साफ अक्षरात. पेंटरसायबानं जसंच्या तसं काढलं. त्याईची काही चूक नाई."

"पण का, सर?"

"मले वाटलं, कोनीतरी म्हनलं पायजे."

"अहो, अनुवादकाने?"

"दुसरं कोन होतं तिथं?"

भैयाजींनी कागद परत ओढून घेतला. मग ते म्हणाले की आता त्यांच्या हातात काही राहिलं नाही, आणि ते खरंच होतं. त्यांनी आम्हाला चहा पाजला. निघताना गुणवंतराव जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "सर, मला काढताना वाटलं होतं, हे काहीतरी वेगळं आहे. पण चांगलं वाटलं. म्हणून नीट काढलं."

मालिका दुसऱ्या अनुवादकाकडे गेली. गुणवंतराव राहिले. बाराव्या अंकाची दुसरी आवृत्ती निघाली, जोडपान कोरं. ती जास्त खपली.

रविवारचं वाचन बंद पडलं. राजन्ना एक-दोनदा दाराशी येऊन गेला. वहिनींनी सांगितलं, ह्याईचं डोकं दुखते. माझी भांडणं मी चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण सर आता "काऊन?" विचारत नसत. मी काही म्हणालो की मान हलवत. ते मला सगळ्यांत वाईट वाटायचं. मान हलवायचं काम माझं होतं. त्यातून त्यांनीच मला बाहेर काढलं होतं.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली इंद्रवेल्ली भागातल्या एका शाळेत झाली. सर मला स्टँडवर पोचवायला आले, अर्थात फार आधी. इंद्रवेल्लीवरून जाणारी उटनूरची बस लागली तेव्हा त्यांनी कंडक्टरला विचारलं, ही उटनूरलाच जाते ना. मग ड्रायव्हरला विचारलं. मग पाटी वाचली. मी खिडकीशी बसलो. ते खाली उभे होते, एक हात खिडकीच्या गजावर.

"रामदास, मी चुकलो का रे?"

मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. "आता नोको सांगू. तू जाऊन राह्यला म्हनून गोड बोलशीन. इचार करून सांगजो. खरं सांगजो."

बस हलली. ते गज धरून थोडं अंतर चालत आले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात सोडला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते उभे राहून बसची पाटी पुन्हा वाचत होते.

उत्तर लिहायला मला संपूर्ण पावसाळा लागला. इतका वेळ लागला त्याचं कारण आळस नव्हे. मी ते दोन्ही अंक, पहिल्या आवृत्तीचा आणि दुसऱ्या आवृत्तीचा, शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिले. मला काय वाटतं ते मला कळत होतं. ते त्यांना सांगितलं तर त्यांचं काय होईल याची भीती होती. शेवटी इंद्रवेल्लीच्या पेटीत पत्र टाकलं, आणि टाकताक्षणी परत काढावंसं वाटलं. ते पत्र असं :

आदरणीय सर,

सा. न.

तुम्ही स्टँडवर विचारलंत त्याचं उत्तर लिहितो. उशीर झाला. इकडे सगळं ठीक आहे. शाळा गळते, पण मुलं येतात.

सर, तुम्ही चुकलात. ते पान मला आजही थोर वाटतं. त्यावर शब्द नको होते. तुमचं वाक्य नसतं तर मी त्या राखेकडे जास्त वेळ पाहिलं असतं. वाक्य वाचलं आणि नजर तिथेच अडली. ते पान तुमचं नव्हतं. अनुवादकाला कथा आवडली नाही तर त्याने काम सोडावं, किंवा खाली नाव घालून वेगळा लेख लिहावा. तुम्ही भिऊन लेख लिहिला नाहीत आणि म्हणून ते वाक्य चित्रात गेलं, असं मला वाटतं. खरं सांग म्हणालात म्हणून लिहितो आहे. लिहिताना हात थांबतो आहे.

आता दुसरं. कथेविषयी तुमचं म्हणणं बरोबर आहे. हे मी आदिलाबादला मान्य केलं नव्हतं. इथे आल्यापासून मान्य आहे. इथे ज्यांच्या घरी मी जातो त्यांच्यापैकी कोणाला विचारा, कोणीतरी वर बसून दुःख केलं तेवढ्याने त्यांचं भागत नाही. इथल्या पोलिस गोळीबारात मेलेल्या आदिवासींची नावं त्यांना पाठ आहेत. इतकी थोर म्हटलेली कथा आणि तिच्यात एक नाव नाही, हे मला आता खुपतं. तरी ती मला आवडते. दोन्ही खरं आहे. तुम्ही काऊन विचाराल. ते मी अजून शोधतो आहे.

आणि नागपूरला तुम्ही जे केलंत ते मी पाहिलं. मी तेव्हा मनात म्हणत होतो, लिहून द्या. बरं झालं तुम्ही मला विचारलं नाहीत.

वहिनींचं पत्र आलं. तुम्ही अजून वाचत नाही, असं त्या लिहितात. अनुवाद गेला म्हणून वाचन बंद करायचं, हे काही मला पटलेलं नाही. आमच्या शाळेत मराठी पुस्तकं फार थोडी आहेत आणि मला आवाज काढता येत नाहीत. मुलं हसतात. दिवाळीच्या सुट्टीआधी एक रविवार इकडे या. बस आदिलाबादहून सकाळी थेट आहे, मी कंडक्टरला सांगून ठेवीन, तरी तुम्ही पाटी वाचालच. काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. मला आवडलं नाही तर तोंडावर सांगीन.

आपला,
रामदास